रोबोटबद्दलची अकरा मतं

त्या शुक्रवारी मी ते पाकीट ऑफिसातच ठेवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. माझ्या टेबलाला खण आहे, खणाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याच खिशात असते. पण मला वाटलं, ऑफिसात उंदीर फार. घरी पाकीट जास्त सुरक्षित राहील. (सव्वीस वर्षं मी रेकॉर्ड सांभाळतोय. सुरक्षित म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, असं माझं शुक्रवारपर्यंत मत होतं.)

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात क्लार्क आहे. डॉक्टरांना एखाद्या पेशंटची जुनी फाइल हवी झाली की वॉर्डातून चिठ्ठी येते. मी कपाटातून फाइल काढतो, वहीत नोंद करतो आणि आमच्यापैकी कुणीतरी ती वॉर्डात नेऊन देतं. हे ‘कुणीतरी’ वरच्या साहेबांना खुपत होतं. महिन्याभरात फाइली पोचवायला रोबोट येणार असल्याचं पत्रक निघालं आणि आम्हा अकरा जणांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग शुक्रवारी सकाळी रोबोटच्या कंपनीकडून एक बाई आल्या. हसतमुख होत्या, आवाज मऊ होता. असा मऊ आवाज मी फक्त इंजेक्शन देण्याआधी ऐकलेला आहे.

“अजिबात घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “रोबोटबद्दल माणसांच्या मनात किती नकारात्मक वृत्ती आहे, एवढंच आम्ही मोजतो.”

आजवर माझं वजन मोजलंय, रक्तदाब मोजलाय, चष्म्याचा नंबर तर दर वर्षी मोजतात. पण वृत्तीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. बाईंनी प्रत्येकाला एक फॉर्म दिला. त्यावर चौदा वाक्यं आणि प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. वाक्य अगदीच पटलं तर पाचला गोल करायचा, मुळीच पटलं नाही तर एकला. बेरीज जितकी जास्त, तितकी वृत्ती वाईट. फॉर्मवर नाव घालायचं नव्हतं. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की यात कोणतंही उत्तर बरोबर किंवा चूक नाही.

त्या वाक्याने मी खरा हादरलो. बरोबर उत्तरच नसलेला कागद मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. असा कागद म्हणजे नक्की सापळा.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण तो बंद होत नाही. तो खुर्ची ओढत माझ्याजवळ आला.

“मार्क जास्त पडले की माणूस गेला.”

“कुठे गेला?”

“गावाबाहेरच्या गोदामात. जुन्या एक्स-रेंच्या थप्प्यांत.”

“तुला कोणी सांगितलं?”

“लिफ्टमध्ये दोन साहेब होते.”

“ते काय म्हणाले?”

“मला बघून गप्प झाले. त्यावरूनच ओळखलं.”

आता यावर शहाण्या माणसाने हसून सोडून द्यायला हवं. मी मात्र त्याच दुपारी गोदामाला जायला किती बस बदलाव्या लागतात याची चौकशी करून आलो. तीन लागतात. पण खरं सांगायचं तर बसचं एवढं नव्हतं. माझी खुर्ची खिडकीशी आहे. कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं, आणि हे मला येतं म्हणून त्या इमारतीत मला कुणी काही विचारतं. गोदामात मला कोण काय विचारणार? ती खुर्ची गेली तर मी कोण, हे मला ठाऊक नव्हतं, आणि या वयात ते नव्याने शोधायची माझी तयारी नव्हती.

आमच्या हेडक्लार्कांनी दहा जणांकडून फॉर्म भरून घेतले, तेही ऑफिसच्या बाटलीतल्या निळ्या शाईनेच. बॉलपेनची नोंद टिकत नाही, असा त्यांचा जुना सिद्धांत आहे. माझा फॉर्म कोराच होता. पाच आकड्यांतला कुठलाच मला धड वाटत नव्हता.

“घरी शांतपणे भरा,” हेडक्लार्क म्हणाले. “आणि सोमवारी सगळे तुम्हीच बाईंना द्या. तुमच्यासारखा जपणारा माणूस नाही.” त्यांनी दहा फॉर्म पाकिटात घातले, चुकलंच तर असावेत म्हणून वर वीस कोरे फॉर्म वेगळे दिले, आणि पाकीट माझा फॉर्म घालून झाल्यावरच चिकटवायचं म्हणून उघडंच ठेवलं.

घरी आम्ही चौघं. बायको दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. मुलगी अकरावीत आहे. सासरे निवृत्त हेडमास्तर असून चार महिन्यांसाठी म्हणून आले, त्याला आता दोन वर्षं होतील. आणि पाचवं कासव. कासव म्हणजे फरशी साफ करणारं ते गोल चपटं यंत्र. बायकोची कंबर धरायला लागल्यावर तिने ते आणलं आणि मुलीने त्याचं बारसं केलं. ते आधी झाडतं, मग पोटाखालचं ओलं फडकं फरशीला टेकवून पुसत सुटतं. सगळ्यांचं ते लाडकं आहे. मी मात्र ते सुरू झालं की पाय वर घेऊन बसतो. (एकदा त्याने माझा मोजा गिळला होता. मोजा तेव्हा माझ्या पायात होता.)

शुक्रवारी संध्याकाळी मी एका कोऱ्या फॉर्मवर पेन्सिलीने स्वतःला मोजलं. ‘रोबोट जवळ आला की मला अवघडल्यासारखं होतं.’ पाच. ‘रोबोट मनातल्या मनात मला नावं ठेवत असेल असं वाटतं.’ हे मला आधी कधी वाटलं नव्हतं, पण वाचल्यापासून वाटायला लागलं. पाच. ‘माझं काम रोबोट करू लागला तर माझी गरज उरणार नाही.’ इथे मी पाचला इतक्या जोरात गोल केला की कागद फाटला. बेरीज बासष्ट झाली. सत्तरपैकी बासष्ट! शाळेत मला इतके मार्क कधी मिळाले नव्हते.

“अगं, मी बासष्ट आहे,” मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो.

“अजून सहा वर्षं आहेत त्याला,” बायको म्हणाली. मग फॉर्म वाचून तिने तो परत दिला. “एवढंच ना? सगळीकडे एक लिहा आणि मोकळे व्हा.”

“खोटं लिहू?”

“मग खरं लिहा आणि गोदामात जा.”

“पण खोटं बोललो की माझे कान लाल होतात.”

“अहो, फॉर्मला कान दिसतात का? आमच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण म्हणतो, मला मुळीच भीती वाटत नाही. बोलताना दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळलेले असतात. आम्ही तोंडाकडे नाही, हातांकडे बघतो.”

मी माझ्या हातांकडे बघितलं. त्यांनी ओट्याची कड धरली होती.

तेव्हा मी ठरवलं की खोटं लिहायचं नाही, वृत्तीच सुधारायची. सोमवारपर्यंत दोन दिवस होते. घरात रोबोट होता. शनिवारी मी कासवाच्या शेजारी फरशीवर बसलो आणि पाय खाली ठेवले. ते आलं, माझ्या अंगठ्याला धडकलं आणि निघून गेलं. मी पुन्हा स्वतःला मोजलं, एकसष्ट भरले. दुपारी मी त्याच्याशी चार शब्द बोललो. “काय, बरं आहे ना?” वगैरे.

“जावईबापू कुणाशी बोलतायत?” सासऱ्यांनी आतून विचारलं.

“कासवाशी,” मुलगी म्हणाली.

“बोलू दे. माझ्याशी बोलण्यापेक्षा बरं.”

संध्याकाळी अठ्ठावन्न भरले. मला आशा वाटू लागली, आणि मला आशा वाटली की घरातल्यांनी सावध व्हायला हवं, हे खरं तर एव्हाना त्यांना कळायला पाहिजे होतं.

रविवारी सकाळी मला वाटलं, नुसतं बोलून भागायचं नाही, कामाचा सराव हवा. ऑफिसातला रोबोट फाइल घेऊन येणार. मग इथे कासवाच्या पाठीवर कागद ठेवून तो आपल्याकडे येतोय हे धीराने बघायचं. पाठीवर काय ठेवावं? वर्तमानपत्र मला हलकं वाटलं. सराव म्हणजे सरकारी वजनाच्या कागदानेच व्हायला हवा. मी पाकीट आणून कासवाच्या पाठीवर ठेवलं, बटण दाबलं आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून वाट बघू लागलो.

कासव दारातून आलं. पाकीट पाठीवर होतं. माझे पाय खालीच होते. मला स्वतःचा अभिमान वाटला. एवढ्यात कासव वळलं आणि सोफ्याखाली शिरलं. आमचा सोफा बुटका आहे. कासव आत गेलं, पाकीट कडेला अडून खाली पडलं, फॉर्म बाहेर सांडले, आणि मागे फिरलेलं कासव त्यांच्यावर चढलं. झाडणं संपवून ते नेमकं पुसायला लागलं होतं.

“अगं, थांबव त्याला! थांबव!”

“बटण पाठीवरच आहे, तुम्ही दाबा!”

“सोफ्याखाली आहे गं ते!”

मी पालथा पडून हात घातला, पण हात पोचेना. त्यात कासवाला एक वाईट खोड आहे. डाग दिसला की ते तिथेच थांबून घासत बसतं. शाई ओली झाली, पसरली, डाग वाढला. डाग वाढला तसा त्याला जास्तच हुरूप आला. मुलीने आणि मी मिळून सोफा सरकवला तेव्हा दहा जणांची मतं एक होऊन फरशीवर पसरलेली होती. हेडक्लार्कांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, मग गोदाम आलं, मग तिसरी बस.

“सोमवारी सांगून टाका, भिजले म्हणून,” बायको म्हणाली.

“कसे भिजले विचारलं तर काय सांगू? रोबोटने भिजवले? रोबोटबद्दलच्या वृत्तीचे फॉर्म?”

ती चहा टाकायला गेली. चहा आला तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, फॉर्मवर नावं नाहीत. कोरे शिल्लक आहेतच. आपण भरू या की.”

हे चूक होतं. मला कळत होतं की हे चूक आहे. कान तेव्हाच लाल व्हायला लागले होते. तरी मी शाईची बाटली आणली.

त्या रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर रेकॉर्ड विभागाची वृत्ती तयार झाली. बायकोने तीन फॉर्म घेतले आणि पाच मिनिटांत सगळीकडे तीनला गोल करून परत दिले. “लोकांना काही मत नसतं. लवकर घरी जायचं असतं,” ती म्हणाली. मुलीने तीन घेतले आणि प्रत्येकासाठी आधी माणूस ठरवला. “हा एकटा राहतो. याला रोबोट आवडणार. हिला कुणीतरी फसवलंय, हिचा आता कुणावरच विश्वास नाही.” उरलेले चार सासऱ्यांनी मागून घेतले. त्यांनी लाल पेन मागितलं, ते मी कसंबसं टाळलं.

“‘रोबोटमुळे माणसं आळशी होतील.’ अगदी बरोबर,” ते म्हणाले आणि पेन थांबलं.

“मग पाच लिहा ना.”

“पाचपैकी पाच मी नोकरीत कुणाला दिले नाहीत. साडेचार.”

“साडेचार नाहीये त्यात.”

“चार आणि पाचच्या मध्ये जागा आहे की.” त्यांनी मध्ये गोल केला. चारही फॉर्मांवर त्यांनी हेच केलं. शिवाय एका फॉर्मच्या खाली सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला: ‘रोबोटने खोलीत येण्यापूर्वी परवानगी घ्यावी.’

अकरावा माझा. मी तो पन्नास करून लिहिला. बासष्ट लिहायचं धाडस नव्हतं आणि चौदा लिहायला कान आडवे येत होते.

सोमवारी पाकीट बाईंच्या हातात दिलं. मंगळवारी त्यांनी मला एकट्याला बोलावलं. बाईंनी समोर फॉर्म पसरले होते.

“तुमच्या विभागाचे निकाल फार वेगळे आले आहेत,” त्या मऊ आवाजात म्हणाल्या. “तिघांना कशाबद्दलच काही वाटत नाही. एक व्यक्ती रोबोटशी लग्न करेल असं दिसतंय. चौघं अर्ध्या गुणांत विचार करतात. आणि अकरापैकी सहा फॉर्मांवर चहाच्या कपाचा एकसारखा गोल डाग आहे.”

मी सगळं सांगून टाकलं. पाकीट, कासव, सोफा, सासरे, सगळं. मधे एकदा मी गोदामासाठी लागणाऱ्या तीन बसही सांगितल्या. बाई ऐकत होत्या. मला वाटलं आता दार उघडून कुणीतरी मला घेऊन जाईल.

“गोदामाबद्दल मला काहीच माहीत नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुमची फाइल माझ्याकडे नाही, तुमची खुर्चीही नाही. पण कागदावर माणसं खरं लिहीत नाहीत, हे मलाही पटायला लागलंय. पुढच्या आठवड्यात रोबोट चाचणीसाठी येतोय. या वेळी तोच मोजेल. कोण त्याच्यापासून किती लांबून जातं, कोण वाट अडवतं, कोण पळतं. त्यावरून साहेब जागा ठरवतील.”

म्हणजे फॉर्मवर निदान पेन माझ्या हातात होतं. आता तेही गेलं.

रोबोट आला. कमरेएवढा उंच, पांढरा, समोर दोन दिवे आणि फाइलींसाठी पुढे सरकणारा ट्रे. दिवसातून आठ फेऱ्या. हेडक्लार्क तो दिसला की व्हरांड्यातून वळसा घालून जायचे. रेडिओ त्याच्या मागे मागे फिरून त्याला बातम्या सांगायचा. आणि मी? पळालो तर पळाल्याची नोंद, जवळ गेलो तर वाट अडवल्याची नोंद. मला एकच उपाय सुचला. तो दारात आला की मी हलायचोच नाही. पेन जिथे असेल तिथे, मान जिथे असेल तिथे. श्वाससुद्धा बेताबेताने. शिंक आली तर आतल्या आत जिरवायची. तो गेला की मग घाम पुसायचा. असे पाच दिवस, रोज आठ फेऱ्या. गुरुवारी माझी मान उजवीकडे वळेनाशी झाली.

शुक्रवारी संध्याकाळी साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. पडद्यावर आमच्या विभागाचा नकाशा होता आणि त्यात ठिपके पळत होते. बाई एकेक ठिपका दाखवत होत्या. हा हेडक्लार्कांचा, हा रेडिओचा. साहेब टिपून घेत होते. दहा ठिपके झाले आणि बाई थांबल्या.

“माझा राहिला,” मी म्हणालो.

बाईंनी नकाशा मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. “तुम्ही कुठे बसता?”

“खिडकीशी.”

“खिडकीशी कपाट आहे.”

“कपाट नाही हो, तिथे मी असतो.”

बाईंनी बारीक अक्षरं वाचली. मग कधी नव्हे ते त्यांचा आवाज जरा कमी मऊ झाला, कारण त्या हसू दाबत होत्या. “पाच दिवसांत काहीच हालचाल आढळली नाही, म्हणून सिस्टिमने तुमची नोंद स्थिर सामान अशी केली आहे. कपाट क्रमांक दहा.”

रेडिओ इतका मोठ्याने हसला की साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. हेडक्लार्कांनी मात्र विचारलं, “दुरुस्ती करता येईल?”

“सगळा नकाशा नव्याने करावा लागेल. पंधरा दिवस जातील.”

“मग नको,” साहेब म्हणाले, आणि लगेच आदेश लिहिला: खिडकीजवळील कपाट क्रमांक दहा कोणत्याही कारणाने जागेवरून हलवू नये.

खुर्ची वाचली! गोदाम गेलं, तिन्ही बस गेल्या. मी जवळजवळ धावतच घरी पोचलो आणि आदेशाची प्रत बायकोच्या हातात दिली. मला रडू येत होतं, आनंदाने का कशाने ते नक्की सांगता येणार नाही. तिने दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि हलकेच माझ्या खांद्यावरची धूळ झटकली.

सोमवारी सकाळी मी ऐटीत जाऊन बसलो. आता नोंदीची भीती नव्हती, म्हणून मुद्दाम मान हलवली, पाय हलवले, एक शिंकही मोकळेपणाने दिली. अकरा वाजता रोबोट आला. आजवर तो माझ्या बाजूने सरळ निघून जायचा. आज तो माझ्यासमोर थांबला. दिवे लुकलुकले, ट्रे पुढे सरकला, आणि परत आलेल्या तीन फाइली माझ्या मांडीवर ठेवून तो निघून गेला. मी थोडा वेळ तसाच बसलो. मग वही उघडली आणि रीतसर नोंद केली: कपाट क्रमांक दहा, जमा फाइली तीन.